खालची अक्षरं

वालचंदनगरच्या कॉलनीत मी ज्या वहिनींकडे कामाला होते, त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं, हे आधी सांगते. नांदेडकडून आले तेव्हा तिथं ओळखीचं एक माणूस नव्हतं. वहिनींच्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलेलं. दिवसभर त्यांच्याजवळ बसायचं, एवढंच काम. माझी शाळा आठवीत सुटली होती. वहिनींना मात्र मी दहावी पास म्हणून सांगितलं. परत पाठवतील, ही धास्ती.

एका दुपारी वहिनींनी पुण्याहून आणलेली कॅसेट लावली. जुना, काळापांढरा फ्रेंच सिनेमा. प्रेमाचा, हसवणारा, म्हणाल्या. खाली इंग्रजी अक्षरं यायची. नावं संपतात तोच त्यांना क्लबातून बोलावणं आलं. जाताना म्हणाल्या, "खालचं वाचून आईंना सांगत जा गं. सोपं इंग्रजी आहे."

एक शब्द जुळवेपर्यंत पुढची ओळ यायची. आजी, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, मूळच्या जवळच्याच निरवांगी गावच्या. त्यांनी विचारलं, "काय म्हन्ती ती पोरगी?"

नवऱ्यावर रुसलीय, मी म्हणाले. मग सुटलेच. एक सायकलवाला तिच्या मागं फिरायला लागला की म्हणायचे, नवरा माहेराहून न्यायला आलाय. एक टाय लावलेला फुलं घेऊन आला, त्याला मी तिचा भाऊ केला. त्यानं तिच्या हातावर ओठ टेकवले, तेव्हा तिकडं भाऊबीज अशीच करतात, म्हणून सांगितलं.

आजींना सिनेमा फार आवडला. नांदायला जा बाई, असं त्या टीव्हीलाच समजावत होत्या.

वहिनी परतल्यावर आजींनी त्यांना सगळं सांगितलं. रुसवा, माहेर, भाऊबीज. वहिनी पोट धरून हसल्या. मग माझ्याकडं बघून थांबल्या.

"दहावी नाही ना झाली?"

आठवी, मी म्हणाले.

"पण मी तुला दहावी विचारली होती का?"

नव्हती विचारली. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त जेवलीस का, एवढंच विचारलं होतं. दहावी मीच आपणहून सांगितलेली. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

त्यांनी कॅसेट मागं नेली, मला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून मराठीत सांगायला लागल्या. ती पोरगी बिनलग्नाची निघाली. त्या दोघांतला कोणता करावा, ते तिला ठरत नव्हतं. आजींनी मध्येच विचारलं,

"मंग त्यो भाऊ कुठं गेला?"

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. सांगायचं मलाच होतं.

"भाऊ नव्हताच, आजी. मी खोटं सांगितलं."

आजींनी टीव्हीतल्या त्या टायवाल्याकडं परत एकदा निरखून बघितलं. सिनेमा पुढं चालला होता.