सहा सेंटिमीटरचा सूर्य

शिगेनो योनेदाच्या घरापर्यंत गाडी जात नाही. ओनोमिचीच्या टेकडीवरच्या बऱ्याच घरांचे तसेच आहे. तिच्या दारापर्यंत दोनशे चौदा पायऱ्या आहेत. १९८९च्या मे महिन्यात एका रविवारी खगोल मंडळाचे अध्यक्ष ओगावारा मास्तर त्या सगळ्या पायऱ्या चढून आले. पाठीवर भले मोठे खोके, खोक्यावर भेटवस्तूचा पांढरा कागद आणि तांबडी-पांढरी दोरी. दाराशी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

शेजारची हात्सुए कुंपणावरून ओरडली, "ताई, आधी काहीतरी प्यायला दे त्यांना! नाहीतर आपल्यालाच खांदा द्यावा लागेल."

शिगेनोने बार्लीचा गार चहा दिला. मास्तरांनी दोन पेले रिचवले आणि खोके तिच्यापुढे सरकवले.

"वीस सेंटिमीटर व्यासाची, आरशाची दुर्बीण आहे. तुमच्या निरीक्षणाला बत्तीस वर्षं झाली, म्हणून सगळ्यांनी मिळून घेतली."

"कशासाठी?"

"तुमचे आकडे कमी येतात, शिगेनो-सान. परवा आम्ही सगळ्यांनी सूर्यावरच्या डागांचे बारा गट मोजले, तुम्ही नऊ. यंदापासून मंडळाच्या अहवालात दहा सेंटिमीटरच्या खालची दुर्बीण घ्यायची नाही असं ठरलंय. ही घ्या, म्हणजे तुमचा रकाना राहील."

"आणि नाही घेतली तर?"

मास्तरांनी पेल्याच्या तळाकडे पाहिले. "तर कसा राहील?"

शिगेनो जहाजांच्या कारखान्यात नकाशे उतरवण्याच्या कामावर होती. दुसऱ्यांनी आखलेल्या रेषा पारदर्शक कागदावर शाईने जशाच्या तशा गिरवायच्या; एकोणतीस वर्षे तिने तेच केले. लग्न केले नाही. पहिली दुर्बीण घ्यायला १९५७ साली हिरोशिमाला गेली, तेव्हा दुकानदाराने विचारले होते, "भावासाठी का?" ती म्हणाली, "माझ्यासाठी. वजन किती?" त्याने दहा सेंटिमीटरची दाखवली. तिने ती स्टँडसकट उचलून पाहिली, खाली ठेवली आणि शेजारची सहाची, भिंगाची, घेतली. रोज एकटीने बाहेर काढता येईल आणि आत ठेवता येईल, एवढेच तिला हवे होते.

तेव्हापासून रोज सकाळी सव्वाआठला, कौले तापायच्या आत, ती दुर्बीण अंगणात येते. शिगेनो तिला डोळा लावत नाही. सूर्याची प्रतिमा मागच्या पांढऱ्या कागदावर, पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात पाडते आणि प्रत्येक डाग पेन्सिलीने जिथल्या तिथे काढते. मग गट मोजते, डाग मोजते आणि वहीत हवा कशी होती तेही लिहिते. भिंग तेच, नेत्रभिंग तेच, वर्तुळ तेच.

"एवढी चढवून आणलीत, तर लावून तरी दाखवा," ती म्हणाली.

मास्तर खुलले. चाळीस मिनिटांत त्यांनी अंगणात नळी उभी केली. नळीच्या तोंडावर ऊन अडवणारा काळा गाळक नीट बसवला, दोनदा तपासला आणि वाकून पाहू लागले. शिगेनोने तिची सहाची शेजारी आणून कागद लावला.

"काय वास येतोय गं?" हात्सुएने विचारले.

मास्तरांच्या गवती टोपीतून धूर निघत होता. मोठ्या नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकण काढलेले होते, आणि तिच्यातून आलेला उन्हाचा ठिपका बरोब्बर टोपीच्या काठावर पडला होता. शिगेनोने टोपी उडवून पायाखाली दाबली.

"रात्री झाकण काढायची सवय हो," मास्तर ओशाळून म्हणाले.

"थोडक्यात निभावलं. कान होता तिथे," हात्सुए म्हणाली. "कान परत मिळत नाही."

झाकण लावून ते पुन्हा मोजायला बसले. खालच्या सगळ्या घरांची कौले आता तापली होती आणि सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलत होती. एकदा त्र्याण्णव डाग आले, एकदा सत्तर, मग एक्याऐंशी.

"हवा वाईट आहे," ते म्हणाले.

"हवा सकाळी चांगली होती. तुम्ही पायऱ्यांवर होतात." शिगेनो आत गेली आणि दोन कागद घेऊन आली. "हे बघा. १९८६मध्ये माझे शंभर धरले तर तुमचे एकशे वीस यायचे. वर्षभर तसंच. १९८७च्या एप्रिलपासून माझ्या शंभराला तुमचे दीडशे. एप्रिलमध्ये काय झालं, मास्तर?"

मास्तर कागदावरच्या एप्रिलच्या आकड्यांवर वाकले.

"नवी दुर्बीण घेतलीत तुम्ही. सूर्याला काही झालं नव्हतं. पण अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, एका महिन्यात त्याला खरूज झाली. माझा आकडा कमी असू दे, पण बत्तीस वर्षं तो सारखाच कमी आहे. मी आज दुर्बीण बदलली तर ही बत्तीस वर्षं आणि पुढची वर्षं जुळणार कशी?"

"पण ठराव झालाय. मी सभासदांना काय सांगू?"

"सांगा, बाईने घेतली नाही."

हात्सुएने कपाळाला हात लावला. "भेट परत? ताई, संध्याकाळपर्यंत सगळ्या टेकडीवर बोभाटा होईल!"

"होऊ दे. आणि मास्तर, रकाना काढाल तेव्हा मुखपृष्ठावरची 'सूर्याचे अखंड निरीक्षण, १९५७पासून' ही ओळही काढा. १९५७पासून मंडळात दुसरं कोण आहे?"

मास्तरांनी खोके बांधले. उतरताना त्यांना दर दहा पायऱ्यांवर थांबावे लागत होते. शिगेनो मदतीला गेली नाही.

जुलैत अहवाल आला. मुखपृष्ठावरची ओळ होती, तिचा रकानाही होता, पण खाली बारीक अक्षरांत छापले होते : 'लहान दुर्बीण, केवळ संदर्भासाठी.'

तिने नकाशावरची चूक दाखवतात तशी त्या शब्दांवर तांबडी रेघ ओढली, अहवाल परत पाठवला आणि मासिक आकडे कळवणे बंद केले. मास्तरांचे दोनदा पत्र आले. सभासद नाराज आहेत, एवढ्याशा ओळीसाठी इतके ताणू नये, वगैरे. तिने एकाच ओळीत उत्तर दिले, "ओळ एवढीशीच आहे, तर काढा."

ऑक्टोबरच्या अखेरीस प्रत्येक सभासदाला शुद्धिपत्र गेले. ते शब्द रद्द केले होते आणि रकान्याखाली फक्त 'भिंगाची दुर्बीण, ६ सें.मी.' एवढेच होते.

शिगेनोने ते दोनदा वाचले. मग जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे आकडे एकाच लिफाफ्यात घालून ती पायऱ्या उतरून टपाल कचेरीत गेली. ढगाळ दिवस सोडले तर त्यात एकही दिवस गाळलेला नव्हता.