बापरे मॅडमचे पाच रंग

बापरे मॅडम कशालाही घाबरायच्या. लिफ्टला, कुत्र्याला, साहेबांच्या "जरा दोन मिनिटं या"ला, आणि फिक्या पिवळ्या रंगाला तर फारच. बिबवेवाडीतल्या आमच्या ऑफिसात नोट्स काढायचं ॲप बनायचं. मोबाइलवर लिहिलेल्या ओळीवर मार्करसारखा रंग फिरवता येतो ना, ते रंग ठरवणं मॅडमचं काम, आणि मी त्यांच्या हाताखाली. नवीन काहीही दाखवलं की पहिला शब्द "बापरे!", म्हणून ते नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवलंत तर ठेवलंत, फक्त साहेबांसमोर नको," एवढंच म्हणायच्या.

कुठलाही रंग त्या खुर्चीत बसून पास करत नसत. गच्चीवर भर उन्हात जायचं, काच तडकलेल्या स्वस्तातल्या फोनवर बघायचा, मग चष्मा काढून बघायचा. "उन्हात हा रंग उडतोय. ज्याने खूण केली त्याने काय करायचं?" एकदा मी कंटाळून म्हटलं, "सावलीत जायचं, मॅडम." त्या शांतपणे म्हणाल्या, "आपण जा सावलीत. दिवसभर बसा. काम मी करते." मी गपचूप उन्हात उभी राहिले.

ॲपमध्ये दहा रंग होते. एक दिवस मॅडमना त्या दहांचीच भीती वाटायला लागली. "अहो, एवढे रंग बघून माणूस गोंधळणार. नारिंगीच्या जागी पिवळा लावून बसणार. पाच बास!" जुन्या नोट्समधला नारिंगी आपोआप पिवळा होईल, असं ठरलं. साहेब खूश. फक्त मॅडमचा एक नियम होता, की नवीन बदल आधी त्यांच्या स्वतःच्या फोनवर घालायचा. "फुटायचं ते माझ्या घरी फुटू दे," म्हणायच्या. त्याप्रमाणे सकाळी बदल त्यांच्या फोनवर गेला.

दुपारी आम्ही डबे उघडले. मॅडमनी सवयीने फोन बघितला आणि घास हातातच राहिला. या वेळी "बापरे" आलं नाही.

त्यांचे वडील आजारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला घरी. डॉक्टर दर खेपेला काही गोळ्या बंद करायचे, काही चालू. गोळ्यांच्या डब्यात सगळ्याच असायच्या. दिवसा मॅडमच्या वहिनी गोळ्या द्यायच्या, त्या मॅडमनी ॲपमध्ये केलेली नोट बघून. नोट दोघींच्या फोनवर एकच, इकडे बदललं की तिकडेही बदलायचं. पिवळी म्हणजे द्यायची, नारिंगी म्हणजे अजिबात नाही. शेजारी "बंद" असा शब्द लिहिलेला नव्हता. रंग असताना शब्द कशाला, असं रंगांवर पोट असलेल्या बाईलाच वाटू शकतं. आता नोटमध्ये सगळंच पिवळं होतं.

मॅडमनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. "यातली एक गोळी गेल्या खेपेला दिली होती, तर बाबा बाथरूममध्येच कोसळले होते," त्या म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. स्कूटरची किल्ली मी त्यांच्या हातातून घेतली.

तो रस्ता मला आजही नको वाटतो. मार्केट यार्डापाशी कांद्याचे ट्रक आडवे, हॉर्न नुसते बोंबलतायत, आणि मागून मॅडम माझा खांदा घट्ट धरून एकच वाक्य, "जेवण लवकर देते हो ती त्यांना. जेवण लवकर देते." जीव मुठीत धरून गाडी हाणली. येरवडा ओलांडल्यावर तर मला रडूच यायला लागलं.

दार वहिनींनी उघडलं. आत बाबा खुर्चीत बसलेले, ताट रिकामं, चेहरा रागाने लाल. "आज गोळ्या मिळणार आहेत का मला?"

वहिनी कानकोंड्या झाल्या. "ताई, सगळं पिवळं दिसायला लागलं. मला भीती वाटली. मी काहीच दिलं नाही. तुम्हाला फोन करणार तर माझा फोन बंद पडलेला, चार्जिंगला लावलाय."

मॅडम हेल्मेटसकट दारातच खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, "पाच रंगांची कल्पना माझीच होती आणि ती मी मागे घेते." साहेब म्हणाले, "अहो, पण झालं काहीच नाही ना? सगळे ठीक आहेत."

"आमच्या घरात घाबरणारं माणूस होतं," मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्या घरात नाही, त्यांचं काय?"

दहाचे दहा रंग राहिले.

पुढे वडिलांसाठी मॅडमनी नोकरी सोडली. त्यांची खुर्ची मला मिळाली. आता माझ्यापुढे हुशार मुलं बसतात आणि "काही होत नाही हो" म्हणत भराभर बदल सुचवतात. मला धडकी भरते. मी शेजारी बघते, तर माझ्याबरोबर घाबरायला कोणीच नसतं.