फाइल जागेवरच होती

ऑफिसात तिला सगळे तोफ म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची, आणि कुणी अर्धवट काम करून 'झालं' म्हणालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अशी माणसं त्या ऑफिसात पोत्यानं भरली होती. त्यामुळे तोफ थंड झालेली फारशी कुणी पाहिली नव्हती.

त्या आठवड्यात मात्र ती जरा जास्तच धडधडत होती. कारण घरचं होतं. तिचे बाबा म्हणजे जन्मभर शाळेची बस चालवलेला गप्पिष्ट माणूस. सिग्नलला गाडी थांबली तरी शेजारच्या ट्रकवाल्याच्या घरची ख्यालीखुशाली विचारून मोकळे व्हायचे. तेच बाबा आता खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. "जेवलात का?" विचारलं तर म्हणायचे, "हो, उघडंच आहे दार." श्रवणयंत्र कानात घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ते चष्म्याच्या डबीत पडून असायचं. "कचकच करतंय ते," यापलीकडे त्याबद्दल बोलायचे नाहीत.

दादानं परस्पर निदान करून टाकलं होतं. "बाबांचं डोकं चालेनासं झालंय. एक विचारावं, तर दुसरंच सांगतात." त्यानं एक वृद्धाश्रमही बघून ठेवला होता आणि येत्या रविवारी बाबांना तिथं नेऊन सोडायचं होतं. तोफ त्याच्यावर भरपूर कडाडली. पण शेवटी "बघू" म्हणाली, आणि त्या 'बघू'चा अर्थ दोघांनाही कळला. तेव्हापासून तिला स्वतःचा संताप येत होता, आणि तो ती दिसेल त्याच्यावर काढत होती.

अशात खालच्या काउंटरवरच्या ताई जिना चढून तिच्याकडे आल्या.

"मॅडम, खाली एक आजी आल्यात. इतकी वर्षं येतात, मी चांगली ओळखते त्यांना. पण त्यांचं यंत्र जोडलं की स्क्रीनवर येतं, नवीन ग्राहक. आणि त्या म्हणतात, इथून साफ करून नेल्यापासून घरात कुणीतरी सारखी भांडी आपटतंय असं वाटतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगायला सांगितलंय तेच. सवय होईल."

प्रत्येकाचा कान वेगळा बिघडलेला असतो. कुणाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कुणाला जाड. म्हणून ज्याच्या-त्याच्या कानाचं माप एका फाइलमध्ये ठेवलेलं असे. यंत्र साफ करून जोडलं की प्रोग्रॅम आधी बघायचा, या माणसाची फाइल आहे का? असली तर ते माप यंत्रात भरायचं. नसली तर माणूस नवा समजून कारखान्यातलं सरसकट माप भरायचं. म्हणजे सगळ्या गावाला एकाच नंबरचा चष्मा.

तोफेनं आजींची फाइल शोधली. ती जागच्या जागी होती. उघडून पाहिली, तर आतलं मापही शाबूत. आणि प्रोग्रॅम म्हणत होता, नाही. तिनं कोड उघडला.

प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिलेला होता. रस्ट ही यंत्राच्या पोटात शिरून काम करणारी भाषा, आणि भारी काटेकोर. पण फाइल आहे का हे विचारायचा एक सोपा प्रकारही तिच्यात आहे, एक्झिस्ट्स नावाचा. तो दोनच उत्तरं देतो, आहे किंवा नाही. फोल्डरला कुलूप असलं, आत डोकावताच आलं नाही, तरी तो बेधडक म्हणतो, नाही. त्याच्या शेजारीच ट्राय एक्झिस्ट्स आहे. तो 'मला बघताच आलं नाही' असं तिसरं उत्तरही देतो. भाषेच्या माहितीत हे लिहून ठेवलेलं आहे. ते वाचायचे कष्ट न घेता कुणीतरी सोपा प्रकार वापरला होता. ती ओळ खुद्द तिच्या साहेबांनी लिहिलेली होती. आणि मध्यंतरी सुरक्षेच्या नावाखाली फोल्डरला नवं कुलूप लागलं, तेव्हा प्रोग्रॅमला किल्ली द्यायची राहून गेली होती.

साहेब केबिनमध्ये चष्मा पुसत बसले होते.

"अहो, फाइल नसेल म्हणूनच नाही म्हणाला ना तो?" ते म्हणाले.

"आहे फाइल. मी आत्ता उघडून आलेय."

"मग कुलूप लावणाऱ्यांना धरा. आणि एवढं असतं तर तक्रारी नसत्या का आल्या?"

"येतात ना तक्रारी! म्हातारी माणसं धापा टाकत येतात आणि आपण त्यांना 'सवय होईल' म्हणून वाटेला लावतो. न बघताच नाही म्हणायची खोड प्रोग्रॅमला कुणाची लागली, ते कळलं मला."

"मॅडम, आवाज खाली."

"खालीच आहे, साहेब. चढलाय तो त्या लोकांच्या कानात."

"पुढच्या महिन्यात बघू या. उगाच गाजावाजा नको."

पुढचा महिना ऐकायला तोफ तिथं थांबलीच नाही. केबिनचं दार असं आपटलं की काच थरथरली. तिनं प्रोग्रॅमसाठी किल्ली मिळवली, ती ओळ बदलली, आणि फाइल बघता आली नाही तर यंत्राला हात न लावता तसं स्पष्ट सांगायचं, हेही प्रोग्रॅमला शिकवलं. मग काउंटरवर जाऊन आजींचं यंत्र स्वतः जोडून दिलं.

"म्हणजे कुलूप लागल्यापासून साफ करून गेलेली सगळीच यंत्रं बिघडली?" ताईंनी विचारलं.

"सगळीच. एकेकाला फोन करून बोलवायचं."

"मग तुमच्या बाबांचंही त्यातच असेल. तुम्हीच साफ करायला आणून दिलं होतं ना?"

तिनंच आणलं होतं, तिनंच परत नेलं होतं. कचकच करतंय म्हटल्यावर तीही बाबांना म्हणाली होती, "सवय होईल." त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून तेच पुन्हा ओरडून म्हणाली होती. फोल्डरला निदान कुलूप तरी होतं. हिच्या वाटेत काय होतं? चष्म्याची डबी उघडून ते यंत्र एकदा स्वतःच्या टेबलावर ठेवायला हिला कुणी अडवलं होतं?

तिनं दादाला फोन लावला. "रविवारी बाबा कुठेही जाणार नाहीत," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांना घेऊन आली. ताईंनी यंत्र जोडलं. स्क्रीनवर 'नवीन ग्राहक' आलं नाही, बाबांचं नाव आलं. ताईंनी यंत्र हळूच त्यांच्या कानात बसवलं.

"बाबा, ऐकू येतंय का?" तोफ सवयीनं ओरडली.

बाबा दचकले. "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

ताईंना हसू फुटलं. बाबांनी मान वळवली, पंख्याची घरघर ऐकली, दाराबाहेर कुणाची तरी चप्पल वाजली तिकडे पाहिलं. मग ते लेकीकडे वळले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "किती दिवस झाले, तू आणि दादा, दोघंही माझ्यावर सारखे ओरडताय. मी हो म्हटलं तरी ओरडता, गप्प बसलो तरी ओरडता. माझं काय चुकलं, ते तरी सांग."

तोफ त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"तुमचं काहीच चुकलं नाही, बाबा," ती अगदी हळू म्हणाली.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.