बाभळीचा थांबा

आमच्या गावाकडची संध्याकाळची एसटी बंद होणार, हे मला पुतणीनं फोन करून सांगितलं.

"आत्या, गाडी बंद करायलेत."

"कोण म्हणलं?"

"कंडक्टर काकाच म्हणले. भारमान न्हाय म्हणं."

भारमान हा एसटीवाल्यांचा शब्द. गाडी जेवढं अंतर धावली, तेवढ्या अंतरात जागा किती भरल्या आणि किती रिकाम्या गेल्या, त्याचा हिशेब. तो कमी येत राहिला की गाडी जाते. पुतणी नळदुर्गला कॉलेजात शिकते आणि संध्याकाळी तिला घरी आणणारी ही एकच गाडी. माझ्या भावानं आधीच बजावून ठेवलं होतं, "गाडी हाय तवर कालेज. जीपच्या मागं लटकून यायचं न्हाय." भाऊ वाईट माणूस नाही. पण एकदा बोलला म्हणजे बोलला, हे आमच्या घराण्यातच आहे.

मी धाराशिवात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. कुठल्या गावात कुठलं बी खपलं, कुठं पडून राहिलं, याचे आकडे येतात. ते मी सॉफ्टवेअरमध्ये घालते, त्यांचे आलेख काढते आणि त्या आलेखांना प्रश्न विचारत बसते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगत फिरते, कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. माझं काम मात्र घरी कुणाला नीट सांगता येत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पारावर सांगतात, "पोरगी आकड्याची रांगोळी काढती."

"मग काढा की आमच्या गाडीची रांगोळी," पुतणी म्हणाली.

तिनं गावाच्या ग्रुपवर विचारलं, संध्याकाळच्या गाडीनं कोण कोण येतं, कुठं उतरतं आणि वय काय. उत्तरं आली, त्यात गावाचा स्वभावही आला. एकानं लिहिलं, "वय कशाला पायजे? लगीन जुळवायलीस का?" एका मावशीनं वयाच्या जागी "लई झालं" एवढंच टाकलं. पण सांगितलं सगळ्यांनी. शेजारच्या वस्त्यांवरूनही निरोप आले. रविवारी मी ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरलं. आडव्या रेषेवर थांबे, उभ्या दांड्यांत माणसं.

आलेख उमटला आणि माझं तोंड उतरलं. तूर काढल्यावर रानात खुंटं राहतात, तसे सगळे दांडे बुटके. थोडी माणसं इथं, थोडी तिथं, गर्दी कुठंच नाही. हा आलेख डेपोत नेला असता तर साहेबांनी माझे आभार मानून त्याच दिवशी गाडी बंद केली असती.

त्या रस्त्याची एसटी एके काळी माझीही होती. तेव्हा पुतणीचा जन्मही झाला नव्हता. सकाळी अण्णा मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचे. आमचा थांबा एसटीच्या यादीत नव्हता, हात केला तर गाडी थांबायची. एकट्या पोरीनं हात केला की ड्रायव्हरला दिसायचंच नाही. म्हणून अण्णा डोक्याचा टॉवेल सोडून रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. "थांबा की वो! पोरगी कालिजला चाललीया!" गाडीतल्या माणसांना त्याच्याशी काय देणंघेणं? पण अण्णांना ते सगळ्या गाडीला ऐकवायचं असायचं. मी मान खाली घालून चढायची. कंडक्टर चेष्टा करायचा, "अण्णा, कलेक्टर झाल्यावर गाडी दारात लावू." अण्णा म्हणायचे, "दारात नको. हितंच थांबवा, पण थांबवा."

आता मागं वळून बघितलं तर ती लाज आठवत नाही, टॉवेलच आठवतो.

तर आलेखापुढं बसून मी ऑफिसात करते तेच केलं. एका प्रश्नाला उत्तर येत नसेल तर दुसरा विचारायचा. किती माणसं, हे झालं. आता कोण माणसं? प्रत्येक दांड्याला वयाप्रमाणे रंग दिला. म्हाताऱ्यांना तांबडा, मधल्यांना पिवळा, शिकणाऱ्या पोरापोरींना हिरवा. 'लई झालं' वाल्या मावशीला तांबड्यात घातलं.

बाकीचे थांबे सरमिसळ रंगले. तीनच दांडे सोवळ्यात राहिल्यासारखे निघाले. 'बाभळ' म्हणून जो थांबा होता तो अख्खा तांबडा. 'टपरी' अख्खी पिवळी. 'पूल' नुसता हिरवा. बाभळीला एक तरणा माणूस उतरत नव्हता आणि पुलाला एक म्हातारा. असं कुठं असतं का? एकाच घरातला आजा बाभळीला उतरतो, लेक टपरीला आणि नात पुलाला?

असतं की. आमचंच घर आहे ते.

मी एकटीच मोठ्यानं हसले. ओढ्याकाठी रस्त्याला आधी बाभळ होती. लोक तिच्या सावलीत गाडीची वाट बघायचे. मग तिच्याखाली चहाची टपरी आली. माझ्या वयाच्या सगळ्यांच्या तोंडात 'टपरी' बसलं ते तेव्हापासून. पुढं ओढ्यावर पूल झाला, त्यात बाभळ गेली, टपरीही उठली. पोरींनी पूलच बघितला, त्या पूल म्हणतात. जागा एक, नावं तीन, आणि प्रत्येक पिढी आपलं नाव धरून बसलेली. बोलताना कुणाचंच अडत नाही. अण्णा बाभळ म्हणतात, मी टपरी ऐकते. पण सॉफ्टवेअरला आमच्या घरातलं काय माहीत?

तिन्ही नावं एक केली. तीन खुंटांचा मिळून एकच दांडा वर गेला, बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यावरून. आणि त्याच्या पुढं, शेवटच्या गावापर्यंत, जवळजवळ काहीच नाही. म्हणजे गाडी ओढ्यापर्यंत भरून येत होती आणि पुढचा डोंगराकडचा रस्ता रिकामी धावून, रिकामीच परतत होती. भारमान तिथं खाली येत होतं.

मी गावी गेले. दुसऱ्या दिवशी अण्णा, पुतणी आणि मी सकाळच्या गाडीनं डेपोत गेलो. अण्णांनी साहेबांपुढं लॅपटॉप असा सरकवला, जणू घरच्या गुळाची ढेप. "सायेब, पोरीनं रांगोळी काढलीया. बगा."

साहेबांनी नीट बघितलं. मग म्हणाले, "ताई, तीन थांबे एकत्र केले की दांडा उंच दिसणारच. हे तुम्ही तुमच्या सोयीनं केलं नाही कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. मीही हाच विचारला असता. मी रंगांचा आधीचा आलेख उघडायला लागले, तेवढ्यात त्यांनी अण्णांनाच विचारलं, "बाबा, आज गाडीत कुठं चढलात?"

"बाभळीला."

"आणि तू गं?"

"पुलाजवळ," पुतणी म्हणाली.

"ताई, तुम्ही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "टपरीपाशी."

साहेब आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघत राहिले. "तिघं तीन ठिकाणी कशाला चढलात?"

"तीन कुठलं सायेब," अण्णा म्हणाले, "म्या हात केला, गाडी एकदाच थांबली."

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. मग आलेख पुन्हा पुढं ओढून घेतला आणि बोटानं तो रिकामा भाग दाखवत म्हणाले, "इथून पुढं कोण आहे?" मी खरं ते सांगितलं, "फारसं कुणी नाही. त्या गावाला दुसऱ्या रस्त्यानं गाडी आहे." त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, आठवडाभरानं फोन करून कळवलं. संध्याकाळची गाडी ओढ्यापाशीच वळवायची, शेवटच्या गावाला जाणार नाही. ठरीव थांबा मात्र यादीत घालावा लागेल. नाव काय घालू?

मी त्या दिवशी गावीच होते, फोन स्पीकरवर होता. पुतणी म्हणाली, "पूल घाला."

"पूल कुठंबी आस्तोय," अण्णा म्हणाले. "बाभळ घाला, सायेब."

"अण्णा, तिथं बाभळ न्हाय की आता!"

"म्हणून तर."

मी टपरीचं नाव काढलंच नाही. दोघांत माझी डाळ शिजणार नव्हती.

गाडी चालू आहे. मी धाराशिवात असते, संध्याकाळी चहाच्या वेळेला पुतणीचा मेसेज येतो. तिनं ते झाड कधी बघितलेलं नाही. तरी रोज लिहिते, "आत्या, बाभळीला उतरले."