पोटाने गाडी तपासणारे मेस्त्री

मेस्त्रींना गाडी लागायची. गाडी लागते असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते सगळे हौशी. मेस्त्री त्यातले उस्ताद. एस.टी. लांबून नुसती दिसली तरी त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा व्हायचा, आणि डिझेलचा वास आला की ते जवळच्या माडाला मिठी मारायचे. एकदा माझी गाडी अंगणात उभी होती. इंजिन बंद, चावी माझ्या कमरेला. मेस्त्री सहज आत बसले आणि दोन मिनिटांत दार उघडून तुळशीपलीकडे पळाले. यात मी मीठमसाला घातलाय असं ज्यांना वाटतं त्यांनी तोंडवलीत येऊन विचारावं. इथली माणसं माझ्याहून दुप्पट घालून सांगतील.

आणि या माणसाने जन्मभर केलं काय, तर होड्या बांधल्या! आमच्या किनाऱ्यावर लाकडाची होडी दिसली की ती मेस्त्रींची, हे विचारावं लागत नसे. त्यांनी बांधलेली होडी वादळात उलटली तर म्हणे स्वतःच सुलटी व्हायची, आणि तांडेलाला हाक मारून आत घ्यायची. स्वतः मेस्त्री मात्र कधी होडीत बसले नाहीत. पाण्यात ढकलेपर्यंत ती त्यांची, पुढे दर्याची. "होडी दर्यात बुडणा नाय गो," ते म्हणायचे, "होडी सांध्यात बुडता." पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि मेस्त्रींकडे लोक खिडक्या, पाट, पोळपाट घेऊन येऊ लागले. त्यांनी तेही केलं. पण पोळपाट देताना असा हातात द्यायचे, की वाटावं आता हा रेडी बंदरात जाऊन माल भरून येणार.

मी तोंडवलीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि खानावळ चालवते. पाहुण्यांना कणकवली स्टेशनवरून आणायला एक जुनी लहान गाडी घेतली होती. स्वभावाने चांगली, पण वळणावर अशी कलायची की डावीकडचा पाहुणा उजवीकडच्याच्या मांडीवर. दोन नवी जोडपी त्यामुळे एकमेकांच्या जवळ आली हे खरं, पण एका बँकेच्या साहेबांच्या मांडीवर मी सुरमईची पाटी आणून बसवली, तेव्हापासून मला वळण आलं की देव आठवायचा.

मेस्त्रींना एकच मुलगी, सुमी. ती दिली घाटावर, राधानगरीला. लग्नाला वऱ्हाडाची बस फोंडाघाट चढू लागली आणि मेस्त्री तिथेच संपले. मांडवात पोचले तेव्हा त्यांच्यात आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरात काही फरक नव्हता. सुमीची आई आधीच गेलेली. कन्यादानाला बाप उभा राहू शकेना, म्हणून धाकट्या भावाने आणि भावजयीने ते केलं. मेस्त्री मांडवामागे गोणपाटावर पडून मंगलाष्टकं ऐकत होते. त्यानंतर अठरा वर्षं त्यांनी घाटाचं नाव काढलं नाही, आणि त्यांच्यासमोर कुणी काढलं तर ते रंधा इतक्या जोरात ओढायचे की फळीचा पापड व्हायचा.

मग एक दिवस सुमीचा फोन आला. तिने नवं घर बांधायला काढलं होतं. आमच्याकडे घराची मुख्य चौकट उभी करायची तर मुहूर्त बघतात, पूजा होते, आणि त्या दिवशी सुतार हाच घरचा मोठा पाहुणा. सुमी म्हणाली, "बाबा, चौकट तुमच्याच हातान बसतली. दुसऱ्या मेस्त्र्याक मी दारात उभो करूचंय नाय. तुमी नाय इल्यात तर घर रवला तसाच, बिनदाराचा."

मेस्त्री संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. मुहूर्त दीड महिन्यावर होता. मी म्हटलं, गोळी घ्या, झोपून जा. ते म्हणाले, "गोळी घेतलंय तर हात दोन दिस झोपतत. चौकट ओळंब्यात बसवची आसा गो, झोपेत नाय." मग म्हणाले, आठ दिवस आधी निघून चालत जातो. पण त्यांचा उजवा गुडघा अंगणातून ओट्यावर चढतानाच दोन वेळा विचार करायचा. बराच वेळ ते माझ्या गाडीकडे बघत राहिले. "साठ वर्सां पोटाक दोष दिलंय," ते म्हणाले. "आता जरा गाडीक दिवन बघूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. हातात सुताची दोरी. बॉनेट उघडायला लावलं. आत दोन्ही बाजूंना शॉकअपची, म्हणजे धक्के झेलणाऱ्या खांबांची, डोकी असतात, वाडगे उपडे ठेवल्यासारखी. मेस्त्रींनी दोन डोक्यांमध्ये दोरी ताणून बांधली आणि बोटाने छेडली. ती तंबोऱ्यासारखी वाजली. मग मला म्हणाले, एका चाकाखाली जॅक लाव. चाक उचललं गेलं आणि दोरी वाळल्या वेलीसारखी सैल पडली.

"बघलंस? दोन भाव एका घरात, पण मधी तुळई नाय. वळण इला की एकटो हकडे, दुसरो थकडे. पोटान काय करूचा?"

मी म्हटलं, "मेस्त्री, ही गाडी कारखान्यात बांधलीय. तिथे मोठमोठे इंजिनिअर असतात."

"असतले. तेंका गाडी लागना नसतली."

मी जॅक उतरवला.

होडीची कूस फाकू नये म्हणून आडव्या फळ्या मारतात, तशी गाडीला मारायची असं ठरलं. मेस्त्रींनी फणसाची सुंदर तुळई तासली, टोकांना लोखंडी पट्ट्या दिल्या आणि शॉकअपच्या बोल्टांत बसवली. गाडी निघाली, मेस्त्री माझ्या शेजारी डोळे मिटून. देवळाचं वळण गेलं. आचऱ्याचा पूल आला. मेस्त्री कोरडे! मी आनंदाने हॉर्न वाजवणार तेवढ्यात बॉनेटमधून वास सुरू झाला. होडीच्या लाकडाला माशाचं तेल पाजतात, म्हणजे ते पाण्यात कुजत नाही. मेस्त्रींनी सवयीने तुळईलाही पोटभर पाजलं होतं. खाली इंजिन तापलं आणि वर तुळई तळायला लागली. आचऱ्याच्या बाजारात शिरेपर्यंत आमच्यामागे चाळीस मांजरं होती. एक तर बॉनेटवर बसून सोबत आलं. मेस्त्रींना ओकारी झाली, पण ती धरायची नाही असं त्यांनी मला बजावलं. "ही गाडयेची नाय, माझ्या अकलेची. लाकूड मी पाण्यात वापरलंय, चुलीवर कदी नाय."

त्याच आठवड्यात पुण्याचा एक पाहुणा उतरला. त्याच्या लहान गाडीचं बॉनेट उघडलं तर आत निळा चकचकीत लोखंडी दांडा, अगदी तिथेच, दोन शॉकअपांच्या मध्ये! तो म्हणाला, असले दांडे बाहेर तयार मिळतात, हौशी लोक बसवतात, वळणावर गाडी घट्ट राहते. मेस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांना राग यायला हवा होता. उलट ते गावभर सांगत सुटले, "माझो विचार पुण्यात पोचलो, माझ्याआदी!"

पाहुण्याने परत जाऊन एक दांडा पाठवला. मेस्त्रींनी तो मांडीवर घेऊन न्हाव्याने गिऱ्हाईकाची मान फिरवावी तसा फिरवला. दोन्ही टोकांना बिजागरीसारखा सांधा होता, कुठल्याही गाडीत बसावा म्हणून. सांधा हलत होता. मेस्त्री हसले. "ह्यो दांडो गाडयेक नाय, गाडयेच्या फोटोक बसवतत." मग त्यांनी दोन्ही सांधे जाड पट्टी घालून वेल्डिंग करून घेतले, दांड्याची लांबी माझ्या गाडीच्या मापाला आणली आणि बसवला. गाडीचं तोंड असं वळू लागलं, की मी मनात वळले तरी ते आधीच वळलेलं असे.

पण मेस्त्रींचं पोट समाधानी नव्हतं. मालवणच्या अलीकडे त्यांनी हात वर केला आणि मी थांबवली. परत आल्यावर तोंड पुसत म्हणाले, "नाळ वळता, पण ढुंगण मागसून इचारता, खंय चललंस गो?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मागच्या सीटपाठी, डिकीत, शॉकअपांच्या मध्ये दुसरा दांडा लागणार होता. तो त्यांनी एका मोडीत निघालेल्या ट्रॉलरच्या पाइपाचा केला. तिसरा गाडीच्या पोटाखाली, पुढची चाकं धरणाऱ्या दोन्ही आर्मना बांधणारा. प्रत्येक दांड्यानंतर आम्ही फेरी मारायचो आणि मेस्त्री कुठल्या वळणाला हात वर करतात त्यावरून कुठला नट किती आवळायचा ते ठरायचं. शहरात याला मोठाली यंत्रं लागतात म्हणे. आमच्याकडे मेस्त्रींचं पोट होतं, आणि ते खोटं बोलत नसे. पाने धरून धरून मीही त्यातली अर्धी मेस्त्रीण झाले.

शेवटची परीक्षा कुणकेश्वरची. जाताना वळणांना तोटा नाही. मेस्त्रींनी निघण्यापूर्वी मुद्दाम आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. मी म्हटलं, "रिकाम्या पोटी चला ना." ते म्हणाले, "रिकामी होडी कोणय तरंगयता." कुणकेश्वरच्या देवळासमोर गाडी थांबली तेव्हा ते उतरले, समुद्राकडे बघत ताठ उभे राहिले, आणि समोरच्या टपरीवर दोन प्लेट भजी मागवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रवासात भूक लागली होती. मी देवाला नारळ फोडला. मेस्त्रींनी बॉनेटला हात जोडले.

मेस्त्रींनी केलेली चौकट आधीच टेम्पोने वर गेली होती. आम्ही मुहूर्ताच्या दिवशी पहाटे निघालो. मेस्त्री पांढराशुभ्र सदरा घालून, मांडीवर हत्यारांची पिशवी. फोंडा सोडला आणि घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. समोरून ट्रक, बाजूला दरी, आणि माझी गाडी अशी रस्त्याला धरून चढत होती की मला वाटलं, आता डांबर सुटून हिच्यासोबत वर येणार. मी तिरप्या नजरेने बघितलं. कपाळावर घाम. बाराव्या वळणाला त्यांनी हात वर केला.

मी गाडी बाजूला घेतली. झालं, म्हटलं, सगळं पाण्यात. मेस्त्री उतरले. उतरून दरीकडे गेले नाहीत, पुढे आले. "बॉनेट उघड. डाव्या बाजूचो नट बोलता." पिशवीतून पाना काढून त्यांनी एक नट पाव आटा आवळला. मी विचारलं, "मग एवढा घाम कसला?"

"चौकट उंचीक अर्धो सूत कमी झाली असात तर?" ते म्हणाले. "त्याच इचारात आसंय. गाडी काय, गाडी बरी आसा."

राधानगरीला पोचलो. व्याही, जावई, सुमी, सगळे दारात. खरं म्हणजे दार नव्हतंच अजून, भिंतीत नुसती मोकळी जागा. व्याह्यांनी बाजूला चटई अंथरून ठेवली होती, मेस्त्रींना झोपवायला. मेस्त्री तिला ओलांडून सरळ चौकटीपाशी गेले. ओळंबा सोडला. अर्धं सूत कमी नव्हती, जास्तही नव्हती. पूजा झाली, चौकट उभी राहिली, पाचर ठोकताना त्यांचा हात असा पडत होता की बाजूला उभे असलेले गवंडी काम टाकून बघत राहिले. व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि भटजींना म्हणाले, "अठरा वर्षांपूर्वी हे आमच्याकडे आले होते. आज पहिल्यांदा दिसले."

मेस्त्रींनी कुणाला काही न विचारता सुमीचा हात धरला, जावयाचा धरला, आणि उंबरठ्यावर एकात एक दिला. "तेवा माझ्या भावान दिल्यान," ते म्हणाले. "आता मी दितंय." भटजी गोंधळून पोथी चाळू लागले. त्यात हे कुठे नव्हतं. मी त्या दिवशी एवढी छाती फुगवून फिरले की येताना सीटबेल्ट लागेना.

त्यानंतर चार वर्षं मेस्त्री होते. आचऱ्यापासून मालवणपर्यंतचे टॅक्सीवाले लहान गाड्या घेऊन त्यांच्या खोपीसमोर उभे राहायचे, आणि मेस्त्री प्रत्येक गाडीत स्वतः बसून फेरी मारायचे. सुमीकडे वर्षातून तीनदा जायचे, तेही पुढच्या सीटवर, गप्पा मारत. परवा शिमग्याआधी ते गेले, झोपेत, घरच्या खाटेवर. ज्यांच्या ज्यांच्या गाडीत त्यांचा दांडा आहे ते सगळे आले. रस्ता भरला. मी मोजलं नाही, मी कधीच मोजत नाही, पण कमीत कमी शंभर गाड्या होत्या.

सुमी आणि जावई दुपारी पोचले. मी वाट बघत फाट्यावर उभी होते. त्यांची गाडी वळणावर थांबली, सुमी उतरली आणि पहिल्या माडाला धरून वाकली. मी धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. मला वाटलं, दुःखाने. ती तोंड पुसत म्हणाली, "माका पण लागता गो, मावशी. ल्हानपणापासून. गणपतीक येतंय तेवा आचऱ्याच्या विहिरीर उतरान तोंड धुतंय नी मगे घराकडे येतंय. बाबांका कदी कळाक दिलंय नाय. तेंका वाटला असता, माझ्यामुळे."

मी तिला माझ्या गाडीत बसवलं. मग डिकीतून पाना काढून जावईबापूंना म्हटलं, "तुमच्या गाडीची चावी द्या इकडे. तेरावं होईपर्यंत मिळायची नाही."