जावयाची गाडी

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी म्हसावदला आमच्या अंगणात जीप सुरू करून ठेवली होती. आबा, आई आणि धाकटा भाऊ मला नंदुरबार स्टेशनवर सोडणार होते. निदान शहाद्यापर्यंत मी चालवते, असं मी म्हटलं. आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तू मांगे बस, बेटा. पोरनी जात, लोकं काय म्हनतीन?" उसाच्या शेताकडच्या रस्त्यावर काकांनी आम्हा दोघांनाही गाडी शिकवली होती आणि भावाआधी ती मला जमली होती. भाऊ स्टिअरिंगवर जाऊन बसला. मी आईशेजारी मागे बसले.

तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना पहिली वर्षं सांगायला नकोत. बर्फ, बसची वाट बघणं, भाजीसाठीसुद्धा नवऱ्याला सुट्टी असावी लागणं. पुढे नोकरी लागली, लायसन्स आलं आणि एका म्हाताऱ्याच्या आवारात मला ती दिसली. माझ्या वयापेक्षा जुनी मसल कार, लांबलचक बॉनेट, दोनच दारं, आत आठ सिलिंडरचं इंजिन. "या खटाऱ्यात काय ठेवलंय?" निखिल म्हणाला. निखिल माझा नवरा, पुण्याचा. त्याची गाडी विजेवर चालते आणि आवाज म्हणून करत नाही. मी माझ्या पगारातून खटारा घेतला.

काय ठेवलंय ते सांगते. किल्ली फिरवली की ती आधी खोकते, मग तिची घरघर सीटमधून मांड्यांपर्यंत पोचते. पॉवर स्टिअरिंग नाही, वळवताना दंड भरून येतात. कपड्यांना पेट्रोलचा वास लागतो. मायलेज विचारू नका. पण मक्याच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, आणि तेवढा वेळ मला कुणीही काहीही सांगू शकत नाही. यासाठी मी ती घेतली. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथल्या म्हाताऱ्यांनाही आधी ती नवऱ्याचीच वाटते. मी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरबद्दल बोलायला लागले की ते मुकाट्याने ऐकतात आणि पुढच्या रविवारी मला नावाने हाक मारतात.

घरच्या ग्रुपवर मी फोटो टाकला, स्टिअरिंगवर मी. आबांनी तो गावभर दाखवला. "जवाईनी गाडी शे. अमेरिकामा." गाडी माझी आहे, असं मी लिहिलं. त्यावर चुलत्यांनी अंगठा पाठवला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं गावी गेलो. बैठकीत त्याच गाडीचा फोटो फ्रेम करून लावला होता. माझा नव्हे. एकदा निखिल तिला टेकून उभा होता, तो.

"आबा, गाडी मन्ही शे," मी म्हणाले.

"तुन्ही काय नि जवाईनी काय, एकच शे."

"मंग फोटोमा मी कशी नही?"

आईने मध्येच चहा आणला. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला. मी तो प्यायले.

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला जायचं ठरलं. भाऊ बाहेरगावी गेला होता. आबांनी जीपची किल्ली निखिलपुढे धरली. "पाव्हना, तुम्हीच चालाडा." निखिल म्हणाला, "मला इथली गिअरची गाडी जमत नाही, आबा. आणि तिकडची ती गाडी हिचीच आहे. मी तिला हातही लावत नाही." आबा कौतुकाने हसले. "पाव्हना मोठा मनना शेतस."

मी किल्ली घेतली आणि पुढे बसले. आई मागे चढली, निखिलही तिच्याजवळ बसला. माझ्या बाजूची जागा मी आबांसाठी ठेवली होती. त्यांनी टोपी नीट केली. "तुम्ही जा. मी येष्टीमा येस."

त्यांचे गुडघे दुखतात, घरातही ते भिंतीला धरून चालतात. ते स्टँडपर्यंत पायी गेले. मी त्यांच्याजवळ जीप हळू केली, हाक मारली. स्टँडजवळच्या हॉटेलातल्या माणसांच्या देखत त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. प्रकाशाला ते आमच्यानंतर बऱ्याच वेळाने पोचले, घामाघूम. देवळाच्या पायऱ्यांवर मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. निखिलचा घेतला.

मी भांडले नाही. तुम्ही तिथेच राहिलेले म्हणाल, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. मी घेतलं.

परत आलो तेव्हा विमानतळाबाहेर कडाक्याची थंडी होती. सामान घेऊन निखिल विचारत होता, आता काय करायचं. "चल, घरी जाऊ," मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'घर' हा शब्द उच्चारताना मला म्हसावद आठवलं नव्हतं. मी तिथेच बॅगेवर बसले आणि रडले.