क्लच सुटेपर्यंत मोठे बाबा थांबले नाहीत

माझ्याच सत्काराला मला उतरता येईना, कारण गाडी थांबतच नव्हती.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून रडू येईल म्हणून रुमाल जवळ ठेवला आहे. येतंय हसू.

मोठ्या बाबांनी उभी हयात मोताळ्याच्या एका डॉक्टरांची गाडी चालवली. साहेब आले की मागचं दार उघडायचं. साहेब बसले की लावायचं.

डॉक्टरांनी नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी मोठ्या बाबांनी विकत घेतली. गावातून एक चक्कर मारली आणि गोठ्यात लावून टाकली.

"आपल्या घरचं पह्यलं कोणी ग्रॅज्युएट होईन, तवाच काढीन."

तेव्हा मी पाचवीत होते. माझ्यापेक्षा मोठ्या भावंडांपैकी कुणालाच घाई दिसत नव्हती.

मग गाडीचा संसार वाढला. टपावर जळणासाठी कापसाची पऱ्हाटी. डिक्कीत सरकी. पुढच्या सीटवर कांदे. आणि मागच्या सीटवर मोठ्या आईची कोंबडी.

मी बी.ए. झाले. बुद्धविहारात महिला मंडळाने सत्कार ठरवला. आमच्या घरापासून विहार चालत पाच मिनिटं.

"गाडीनं जाचं," मोठे बाबा म्हणाले.

"कोंबडी अंड्यावर बसली हाये," मोठी आई म्हणाली. "तिले उठवाचं नाई. सत्कार पुढं ढकला."

मला वाटलं, गंमत करतेय. पण मंडळाच्या अध्यक्ष मीराताईंनी कारण ऐकलं आणि लगेच मान डोलावली. "बरोबर हाये. अंड्यावरून उठवू नाई कोणाले."

माझी पदवी कोंबडीसाठी थांबली.

पिल्लं निघाली, तसे रोहिणखेडहून सलीमभाई मिस्त्री आले. एअर फिल्टर उघडला तर आत उंदरांनी कापसाची गादी घातलेली. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास.

"चाचा, ये गाडी नहीं, गोदाम है!"

त्यांनी टाकी रिकामी केली, प्लग घासले, कार्बोरेटर धुतला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली.

मोठी आई नाकाला पदर लावून म्हणाली, "जगली का मेली?"

"जगली!" मोठे बाबा ओरडले. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर त्यांनी चक्क उडी मारली.

पण क्लचची प्लेट गंजून चिकटली होती; इंजिन चालू ठेवून गाडी थांबवताच येईना. सलीमभाई म्हणाले, "गिअरमध्येच चालवत राहा, क्लच दाबून ठेवा. सुटते आपोआप."

"कवा?"

"तिची मर्जी."

तेवढ्यात आमचं भांडण लागलं. मी म्हटलं, मी पुढेच बसणार. माणसाने माणसाच्या शेजारी बसावं. मागे बसून मिरवणं माझ्या विचारांत बसत नाही.

"तुह्ये विचार चांगले हायेत," मोठे बाबा म्हणाले. "पण मागचं दार मी जिंदगीभर दुसऱ्यासाठी उघडलं. एकडाव आपल्या घरच्या माणसासाठी उघडू दे. मंग बस पुढं, समता घेऊन."

मी मागे बसायचं कबूल केलं.

सत्काराच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने बॅटरी परत नेली. अख्ख्या गल्लीने गाडीला धक्का मारला. नव्या साडीत मीसुद्धा. सुरू झाली तशी मी धावत जाऊन मागचं दार स्वतःच उघडलं आणि आत उडी मारली.

आरशात मोठ्या बाबांचं तोंड पाहिलं. एवढंसं झालं होतं.

"उतरताना उघडतो," ते म्हणाले.

विहार आला. मीराताई पुष्पगुच्छ घेऊन पायरीवर उभ्या. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. पुढे गेलो.

"मोठे बाबा, थांबवा ना!"

"क्लच नाई सुटला!"

"मग बंद करा गाडी!"

"बंद कराले काय, कोणालेही येते. साहेबाले मी कधी आचका देल्ला नाई. तुले काऊन देऊ? थांबीन तं नीट थांबीन."

वळसा घालून पुन्हा आलो. मीराताईंनी भाषण सुरू केलं, "आपल्या गावची लेक..." आम्ही गेलो.

परत आलो. "...हिनं मोठ्या जिद्दीनं..." गेलो.

त्यानंतर पुष्पगुच्छ खिडकीतून थेट माझ्या मांडीवर आला. पुढच्या फेरीला पायरीवर कुणीच नव्हतं. मंडळी जेवायला बसली होती. वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांचा डावा पाय दिसला. ऑपरेशनचाच. क्लचवर दाबून धरलेला, थरथर कापत होता. तरी उचलत नव्हते.

मग मी थांबा म्हणाले नाही.

आणि खट् आवाज आला.

गाडी हलकी झाली. मोठ्या बाबांनी ती अलगद थांबवली. माझं दार बरोबर विहाराच्या पायरीसमोर.

ते लंगडत फिरून आले. शर्टाच्या बाहीने हँडल पुसलं. दार उघडलं.

"उतरा, मॅडम."

"मोठे बाबा, मी कुणाची मॅडम नाही."

"मालूम हाये. मले म्हणून तं पाहू दे."

मी उतरले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मोठी आई तेवढी हात पुसत बाहेर आली. "आले का? वरण थंडं झालं."

त्यानंतर गाडी उभी करताना मोठे बाबा क्लचच्या पेडलवर कडुलिंबाचं लाकूड अडकवून ठेवायचे. परत चिकटू नये म्हणून. ते गेले, तरी लाकूड तसंच अडकलेलं होतं.

सलीमभाईंनी काल नवी बॅटरी बसवून दिली आणि आज सकाळी मी ते लाकूड काढलं. गाडी चालवायला मी आता शिकले आहे. मोठ्या आईला विहारात नेलं, उतरून फिरून गेले आणि मागचं दार उघडलं.

"उतरा, मॅडम."

"काय वं, मले हात नाईत का?" मोठी आई म्हणाली.

पण दार मी पूर्ण उघडेपर्यंत हलली नाही.

मोठे बाबा, दार पायरीसमोरच आलं. आचका बसला नाही.

तुमच्या ग्रॅज्युएटचा शेवटचा जय भीम.